स्कीचं अभ्यंगस्नान
सदर : घरचं काम घरी



फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच आपल्या न्यू इंग्लंडमध्ये बर्फाची चाहूल लागते. तेव्हा तळघरातल्या स्की आणि स्नोबोर्ड आताच बाहेर काढा. त्यांनाही अभ्यंगस्नान लागतं, फक्त तेलाऐवजी मेणाचं!

स्कीचा तळ पॉलिएथिलीनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा असतो. मेण संपलं की तो कोरडा, पांढरट दिसतो आणि बर्फावर अडखळतो. कडाक्याच्या थंडीत बर्फाचे कण टोकदार असतात, तिथे कठीण मेण हवं. मार्चमधल्या ओल्या बर्फाला मऊ. वडीवर तापमान छापलेलं असतं. एकच घ्यायचं तर सगळ्या तापमानांना चालणारं घ्या.

जुनं 'फ्लोरो' मेण घरात पडलं असेल तर मात्र वापरू नका. त्यातली पीएफएएस रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं तशीच राहतात, आणि इस्त्री करताना त्यांचा धूर आपल्याच नाकात जातो. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून स्पर्धांमध्ये त्यावर बंदी घातली आहे. व्हरमाँटमध्ये तर ते विकायलाही बंदी आहे.

आता कृती. खिडकी उघडा. स्की उलटी करून टेबलावर पक्की बसवा, ब्रेक रबरबँडने मागे बांधा, तळ पुसून कोरडा करा. इस्त्री साधारण १२० ते १४० अंश सेल्सिअसवर ठेवा. कपड्यांची जुनी इस्त्री वाफ बंद करून चालते, पण नंतर ती कपड्यांना लावायची नाही. मेणातून धूर आला, तर इस्त्री जास्त तापली आहे. मेणाचे थेंब तळावर पाडा आणि टोकापासून शेपटीकडे इस्त्री फिरवत पसरवा. एका जागी थांबू नका, तळ जळतो. अर्धा तास थंड होऊ द्या. मग प्लास्टिकच्या पट्टीने वरचं सगळं मेण खरवडा आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. इथे हात आखडता घेऊ नका. मेण तळात मुरलेलं हवं, वर थापलेलं नको.

दगडाने पडलेले उथळ ओरखडे पी-टेक्सच्या कांडीने बुजतात. कांडी पेटवून तळाच्या अगदी जवळ धरा, म्हणजे काजळी कमी पडते. थेंब ओरखड्यात भरा, थंड झाल्यावर धातूच्या पट्टीने सपाट करा. आतलं लाकूड दिसत असेल किंवा पोलादी कडेजवळ तळ उखडला असेल, तर दुकान गाठा.

आपल्याकडचा बर्फ बऱ्याचदा काचेसारखा कडक असतो, त्यामुळे कडांना धार हवीच. गंज आणि बारीक खरखर रबरी घासणीने निघते. दिवसभर स्की करून आल्यावर कडा कोरड्या पुसल्या, तर गंज चढतच नाही.

एका गोष्टीला मात्र घरी हात लावू नका : बाइंडिंग. पडल्यावर बूट कधी सुटावा, हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याचं कसब यांवरून ठरतं. मुलं वर्षभरात वाढतात, म्हणजे मागच्या वर्षीचा आकडा या वर्षी चुकीचा ठरू शकतो. बूट वेळेवर सुटला नाही तर पाय मोडतो, आणि भलत्या वेळी सुटला तरी मूल आपटतं. दरवर्षी हंगामाआधी दुकानात तपासून घ्या.

आपल्यापैकी कितीतरी आईबाबा मुलांना डोंगरावर पोचवतात आणि चहाचा थर्मास घेऊन लॉजमध्ये बसून राहतात. स्की येत नसेल, पण इस्त्री तर येते ना? एका शनिवारी मुलांबरोबर तळघरात उतरा. इस्त्री तुम्ही धरा, खरवडायचं काम त्यांना द्या. कुठल्या उतारावर भीती वाटते, कोण मित्र पुढे निघून जातो, हे हात कामात असताना मुलं आपणहून सांगतात.

दिवाळीच्या शुभेच्छा, आणि यंदा भरपूर बर्फ पडो!