मुद्दाम हरू का?

बुद्धिबळाच्या स्पर्धेत खेळाडूच्या नावापुढे एक आकडा असतो. ते त्याचं रेटिंग. जिंकलं की चढतं, हरलं की उतरतं. काही स्पर्धा १६०० च्या आतल्यांसाठीच असतात, आणि बक्षीस रोख!

जानेवारी २०२४ ची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. रेटिंग १५९०. म्हणाला, "बाई, आणखी एक डाव जिंकलो की मी १६०० च्या बाहेर. मग तिथं कसलं बक्षीस? मुद्दाम हरू का? बाबांचा प्रवेश फीचा खर्च तरी निघेल." (पालकहो, हे ओझं त्याच्या डोक्यात कुठून आलं?)

मी म्हटलं, "हर की! पण डाव कागदावर लिहावा लागतो ना? खाली सही तुझीच." तो गप्पच बसला. हरला मात्र नाही.

१ मार्च २०२४ ला फिडे या जागतिक संघटनेनं किमान रेटिंग १००० वरून १४०० केलं. २००० च्या आतल्या सगळ्यांचे आकडेही वाढवले. २००० मधून आपलं रेटिंग वजा करायचं, उरेल त्याचे ४० टक्के मिळवायचे. त्याचे झाले १७५४. मुद्दाम हरून १५०० वर आला असता, तर किती झाले असते? पाटी घ्या, करा बघू गणित!