फुकटच्या भाड्याचा हिशेब

वरणगावात ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीपासून जुन्या गावापर्यंत ऑनलाइनची पार्सलं येतात. बिलावर डिलिव्हरीपुढे बहुधा शून्य. पण भुसावळपासूनचं अंतर कुणाच्या तरी पेट्रोलवरच कापलं जातं ना? ते पैसे कोण देतं?

बहुतेक वेळा आपणच. ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपन्या वजन आणि अंतर पाहून विक्रेत्याकडून वाहतूक खर्च वसूल करतात. विक्रेता तो विक्रीच्या दरातच मुरवतो. वार्षिक सदस्यत्व घेणाऱ्यानं तर वर्षाचं भाडं आगाऊच भरलेलं असतं. '४९९ च्या वर मोफत' ही मेख मात्र नामी आहे. ३८० रुपयांची कढई घ्यायला बसलेला माणूस १३० रुपयांची न लागणारी चाळणी उचलतो आणि चाळीस रुपये भाडं वाचवलं म्हणून खुशीत असतो!

आपल्याकडे शेतकऱ्याच्या पट्टीवर हमाली, तोलाई वेगळी लिहितात. कापलेला पैसा खुपतो, पण दिसतो तरी. ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनी एकूण किमतीत डिलिव्हरीसह सगळ्या आकारांची फोड दाखवणं बंधनकारक केलं. शेवटच्या पायरीवर आकार वाढवण्याच्या युक्तीला २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली. दरात आधीच मुरलेलं भाडं मात्र या फोडीत येत नाही. ते शोधायचं तर बटण दाबण्याआधी तीच कढई गावातल्या भांड्यांच्या दुकानात केवढ्याला आहे, एवढं विचारून यावं.