सुकटीची पाटी कोणत्या रकान्यात?

आगरदांड्याहून निघालेली जंगल जेटी राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला लागते. गाड्या घरघरत उतरतात, जंजिऱ्याला जाणारे पर्यटक होडीवाल्याशी घासाघीस करत राहतात, आणि या गावात तीन तऱ्हांचे धंदे शेजारी शेजारी नांदत असतात. एक, बंदर: क्रेन, कुंपण, मालाचे ढीग. दुसरा, मासेमारीच्या होड्या. आणि तिसरा, अंगणात पसरलेला जवळा, वलांडीवर टांगलेले बोंबील आणि कावळ्यांवर लक्ष ठेवून बसलेली एक म्हातारी.

देशाच्या हिशेबात या तिघांची दारे वेगवेगळी आहेत. बंदर ही कंपनी. तिचा ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे दाखल होतो. जानेवारी २०१५ मध्ये आलेल्या २०११-१२ आधारवर्षाच्या मालिकेपासून कंपन्यांनी निर्माण केलेले मूल्य प्रामुख्याने याच ताळेबंदांतून काढले जाऊ लागले. होडी मात्र धंद्यांच्या पाहणीत नसतेच, कारण वर्गीकरणात मासेमारी शेतीच्या घरात बसते. तिथे होडीच्या मालकाला कोणी हिशेब विचारत नाही. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेची माणसे निवडक धक्क्यांवर निवडक दिवशी जाऊन उतरलेली मासळी टिपतात, त्यावरून एकूण अंदाज निघतो. मग भाव लावायचा आणि डिझेल-बर्फाचा खर्च वजा करायचा. आणि सुकट? ती कारखानदारीत जाते. मासळी वाळवणे म्हणजे 'मासळीवर प्रक्रिया', उत्पादन क्षेत्रातला गट १०२. म्हातारीला कोणी 'कारखानदारीण' म्हटले तर ती हातातली काठी कावळ्याऐवजी त्याच्यावर उगारील, पण राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण तिला तेच म्हणते.

गंमत इथे संपत नाही. तिने स्वतः वाळवलेली सुकट स्वतः बाजारात नेली तर ती उत्पादक. शेजारणीकडून विकत घेऊन विकली तर किरकोळ व्यापारी, विभाग ४७. पाटी तीच, डोके तेच, बाजार तोच. ज्या कामातून अधिक मूल्य निघते तो प्रमुख व्यवसाय, हा नियम. तो लावायचा कसा, हे दारात उभ्या असलेल्या प्रगणकाने ठरवायचे. बर्फाच्या कारखान्याची तर कथाच निराळी: वर्गीकरणात तो वीज-वायू-वाफ पुरवणाऱ्यांच्या पंगतीला बसतो. बर्फ वाफेच्या शेजारी! पण हे वर्गीकरण चार अंकांपर्यंत आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाशी जुळते ठेवलेले आहे. त्याला हसून झाले की जुळवून घ्यावे, हे माझे मत. सारे जग एकाच चुकीच्या खणात बर्फ ठेवत असेल, तर निदान सापडतो तरी.

आता मुद्द्यावर येतो. धंद्यांच्या या मोजणीवर सध्या दोन बाजूंनी हल्ला आहे. एक पक्ष म्हणतो, सरकारी आकडे टेबलावर बसून रचलेले असतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका. दुसरा पक्ष याच्या उलट, फार सुशिक्षित आणि फार आशावादी: आता जीएसटी आहे, उद्यम नोंदणी आहे, यूपीआयचे फलक भाजीवालीच्या टोपलीवर लटकतात, मग हातात प्रश्नावली घेऊन दारोदार हिंडणारी ही जुनी व्यवस्था कशाला? यंत्रातून आकडा आपोआप येईल.

पहिल्या पक्षाला मी आधी थोडक्यात उत्तर देतो, कारण त्याच्याकडे राग पुष्कळ असला तरी युक्तिवाद थोडा आहे. त्याचा आवडता प्रश्न असा: "आमच्या गावात तर कधी कोणी आले नाही, मग आमचे आकडे कुठून आले?" भाताची परीक्षा शितावरून होते, हे ज्याला स्वयंपाकघरात पटते त्याला सर्वेक्षणात का पटू नये? अट एकच: भात नीट ढवळलेला हवा. "पावसाळ्यात या, सगळे बंद दिसेल; मे महिन्यात या, धंदा तेजीत दिसेल," हाही आक्षेप खरा वाटतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पर्यटकही ओसरतात. म्हणूनच असंघटित उपक्रमांची वार्षिक पाहणी वर्षभर पसरलेली असते, सारी गावे एकाच महिन्यात उरकत नाहीत. जुलैतले रिकामे अंगण आणि एप्रिलमधले भरलेले अंगण, दोन्ही नमुन्यात येतात. लोक उत्पन्न हात राखून सांगतात हे मात्र कबूल. सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ प्रमाणे पाहणीत दिलेली वैयक्तिक माहिती करवसुलीला वापरता येत नाही. पण हे दारात उभे राहून पटवून देणे हे कौशल्याचे काम आहे, आणि त्या कौशल्याला आपण किती पैसे मोजतो हा वेगळा, लाजिरवाणा विषय.

या पक्षाच्या लक्षात न येणारी गोष्ट पुढेच आहे. आकड्यांतला आजवरचा सर्वांत बोचरा दोष पकडला तो सरकारच्याच पायपीट करणाऱ्या माणसांनी. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७४व्या फेरीत, २०१६-१७ या वर्षासाठी, सेवा क्षेत्रातल्या उपक्रमांची पाहणी झाली. त्यात कंपनी मंत्रालयाच्या यादीतून कंपन्या निवडल्या आणि त्यांच्या पत्त्यावर माणसे गेली. मे २०१९ मध्ये अहवाल आला तेव्हा सुमारे ३६ टक्के कंपन्यांची गत अशी निघाली: कुठे पत्त्यावर कंपनीच नाही, कुठे कुलूप, कुठे धंदा भलताच. टेबलावर बसून आकडे रचणारी यंत्रणा स्वतःच्या यादीचे असे वस्त्रहरण छापून प्रसिद्ध करील का?

दुसरा पक्ष मात्र गंभीर आहे. त्याला इथेच हात घालायला हवा, कारण ७४वी फेरी जितकी पहिल्या पक्षाच्या विरुद्ध साक्ष देते, त्याहून अधिक ती दुसऱ्याच्या विरुद्ध देते. संगणकात सुबक दिसणारी यादी प्रत्यक्ष रस्त्यावर नेली तेव्हा तिच्यात एवढी भोके निघाली. सरकारचे उत्तर असे होते की चुकीच्या गटातली कंपनी शेवटी कंपनी क्षेत्रातच राहते, तेव्हा एकूण बेरीज बिघडत नाही. हे अर्धे खरे मानू. पण रचना बिघडते त्याचे काय? कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या व्यवसायात किती माणसे आणि किती भांडवल, हाच तर प्रश्न होता. शिवाय हिशेब न दाखल केलेल्या कंपन्यांची भर त्यांच्या भरणा झालेल्या भांडवलाच्या प्रमाणात घातली जात असे. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले अर्थतज्ज्ञ आर. नागराज यांनी या पद्धतीवर वर्षानुवर्षे बोट ठेवले. न बोलणाऱ्याच्या तोंडी बोलणाऱ्याचे शब्द घालायचे, तर निदान तो जिवंत आहे का ते पाहावे.

आणि जीएसटी-उद्यमच्या यादीबद्दल. यादीत येतो तो, ज्याला येण्यात फायदा आहे किंवा न येण्यात धोका. मालाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. ताज्या मासळीवर तर तो करच नाही. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती कर्ज आणि योजना हव्या असणाऱ्यांचे दार आहे, आणि धंदा बंद झाल्यावर स्वतःहून नाव काढायला कोण जातो? म्हणजे जन्म नोंदणारी पण मृत्यू न नोंदणारी वही. तिच्यावरून गावाची लोकसंख्या सांगायला गेले की गाव कधीच ओस पडणार नाही. यूपीआयचे तर विचारूच नका. खलाशाला मिळणारा वाटा, होडीमालकाने घरी नेलेली मासळी, बायकोने लिलावातून उचललेला जवळा, वाण्याकडून आगोटीला घेतलेल्या सामानाच्या बदल्यात दिलेली सुकट, यातला कोणता व्यवहार फलकावर खणकतो?

न मोजल्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा रद्द झाल्या. रोखीवर चालणाऱ्या धंद्यांना बसलेला फटका राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत का दिसला नाही, यावर पुढे पुष्कळ शाई सांडली. कारण साधे होते. असंघटित क्षेत्राचा पाया जुन्या पाहणीचा, २०१०-११ च्या ६७व्या फेरीचा. तिथून पुढची वर्षे इतर निर्देशकांच्या आधाराने ताणलेली. मोठ्याची वाढ पाहून लहानाची वाढ धरायची, असा हा हिशेब. आणि नेमके त्याच वर्षी मोठ्याची आणि लहानाची नाळ तुटलेली होती. २०२१-२२ पासून असंघटित उपक्रमांची पाहणी दरवर्षी होऊ लागली, ही गेल्या दशकातली सांख्यिकीची सर्वांत चांगली बातमी आहे असे मी म्हणेन, आणि तिच्यावर वर्तमानपत्रांनी चार ओळीही धड लिहिल्या नाहीत. २०२३-२४ च्या पाहणीत ७.३४ कोटी आस्थापना आणि १२.०६ कोटी काम करणारी माणसे निघाली. शेजारी उद्योगांची वार्षिक पाहणी ठेवा: नोंदणीकृत कारखान्यांत २०२२-२३ साली गुंतलेली माणसे सुमारे १.८४ कोटी. लहान धंदे मोजून काय मिळणार, असे विचारणाऱ्यांना एवढे पुरे.

पण वार्षिक पाहणीही नमुन्याचीच, आणि नमुना काढायला यादी लागते. इथे भात ढवळायचा राहून गेला आहे. गावांच्या आणि धंद्यांच्या ज्या याद्यांवर आपण उभे आहोत त्या २०११ च्या जनगणनेच्या आणि २०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेच्या. पहिली आर्थिक गणना १९७७ मध्ये झाली, सहावीत ५.८५ कोटी आस्थापना मोजल्या. सातवी २०१९ मध्ये सुरू झाली, मोबाइलवर झाली, सामायिक सेवा केंद्रांच्या माणसांकरवी झाली, आणि तिचे आकडे कधी प्रसिद्धच झाले नाहीत. कारणे काहीही असोत, दडवलेली गणना ही न झालेल्या गणनेहून वाईट: पैसे गेले, लोकांचा वेळ गेला, आणि आकडा आला नाही.

दिघीच्या बाबतीत हे फार टोचते. बंदराची आधीची मालकी दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अदानी समूहाने ते ७०५ कोटी रुपयांना घेतले. समूहाचे मुख्यालय अहमदाबादला, धक्का राजपुरीच्या खाडीत. मोजणीच्या भाषेत उपक्रम म्हणजे हिशेब ठेवणारी संस्था, आस्थापना म्हणजे काम चालते ती जागा; श्रीवर्धन तालुक्यात किती हात कामाला आहेत हे दुसऱ्या शब्दातून कळते, पहिल्यातून नाही. पुढे २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात बारा औद्योगिक शहरे मंजूर केली, त्यांत दिघी आहे. बारांमधून मिळून दहा लाख प्रत्यक्ष आणि तीस लाखांपर्यंत अप्रत्यक्ष रोजगार येतील असे सांगितले गेले. येऊ देत, माझी ना नाही. पण उद्याच्या रोजगाराचा अंदाज छापून तयार असावा आणि आज किती घरांत सुकट वाळते, किती होड्या पर्यटक नेतात, किती घरांनी खोल्या भाड्याने देऊन खानावळ मांडली आहे, याची गाववार ताजी यादी नसावी? जमीन घेताना, भरपाई ठरवताना, जेट्टीचा कोपरा कोणाला द्यायचा हे ठरवताना काय पाहणार? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले, आगोटीची सुकट घराघरांत भरून ठेवलेली असते त्याच दिवसांत. छप्पर गेले ते दिसले, माड पडला तो मोजला गेला. भिजून सडलेला घरगुती धंदा कोणाच्या यादीत होता?

म्हणून माझी मागणी जुनाट वाटेल, पण तीच आहे: दर पाच वर्षांनी घरोघर आर्थिक गणना, प्रशिक्षित आणि रीतसर पगारी माणसांकडून, आणि ठरल्या मुदतीत गाववार आकडे खुले. जीएसटी, उद्यम, कंपनी मंत्रालय यांच्या याद्या तिला पडताळून पाहायला जरूर जोडा. तिच्या जागी ठेवू नका. हे काही परदेशातून आणायचे शहाणपण नाही. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी घरे फिरून करवून घेतली. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ साली छापून आले. तेव्हा ना संगणक होता, ना मोबाइल. गल्ली मात्र पायाखालून गेली होती.

यंत्राला जे विचारता येत नाही ते दारात विचारता येते. आर्थिक गणनेत धंद्याच्या जागेचे तीन प्रकार असतात: पक्की जागा असलेला, घराबाहेर पण पक्क्या जागेशिवाय चालणारा, आणि घरातच चालणारा. तिसऱ्या प्रकारापाशी कच्चा प्रगणक हमखास चुकतो. तो विचारतो, "मावशी, धंदा काय करता?" आणि जवळा परतता परतता उत्तर येते, "धंदा कसला आलाय, घरातच असते मी." तो 'नाही' लिहून पुढच्या दाराला जातो. मुरलेला प्रगणक ओट्यावर टेकतो, पाणी मागतो आणि विचारतो, "मावशी, एवढी सुकट घरातच खाता का?"

"खाऊन संपते होय! श्रीवर्धनच्या बाजारात जाते की."