रोबो घ्या, पण दिवसा चालवा

जर्मनीत मार्च सरत आला की मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक विचारणा हमखास येते: गवत कापायचा रोबो कुठला घ्यावा? भाड्याच्या फ्लॅटमधून स्वतःच्या घरात गेलेली कुटुंबं आता बरीच आहेत. घराबरोबर मागची बाग आली आणि बागेबरोबर एप्रिल ते ऑक्टोबर दर आठवड्याला गवत कापायचं काम आलं. दोघंही नोकरी करणारी, शनिवार मुलांच्या क्लासात आणि मराठी शाळेत जातो, आणि रविवारी घरांच्या वस्तीत असं यंत्र लावायला इथे कायद्यानेच मनाई. तेव्हा ही गरज खरी आहे, आणि रोबो घेऊ नका असं सांगायला मी बसलेले नाही.

पण विचारण्याचा क्रम चुकतोय. आधी कंपनी, मग किंमत, मग सवलत, आणि बागेचा विचार सगळ्यात शेवटी. एक प्रश्न तर कुणी विचारतच नाही: हे यंत्र चालणार कधी? माझं कळकळीचं सांगणं आहे की सुरुवात या प्रश्नापासून करा. उत्तर 'फक्त दिवसा' असंच असायला हवं. ते एकदा पक्कं केलं की कुठलं यंत्र घ्यायचं हेही निम्मं ठरून जातं.

रात्री का नको, ते आधी सांगते. इथल्या बागांमध्ये इगेल राहतो. इंग्लंडमधले लोक त्याला हेजहॉग म्हणतात. आपल्या साळिंदराशी त्याचं नातं नाही. दोन ओंजळींत मावेल एवढा जीव, पाठीवर दोन-अडीच सेंटिमीटरचे काटे, खाणं म्हणजे अळ्या, भुंगेरे, गोगलगायी. अंधार पडू लागला की तो बाहेर येतो आणि रात्रभर कुंपणाखालून या बागेतून त्या बागेत हिंडतो. धोका जाणवला तर पळत नाही, आहे तिथेच अंगाचा गोळा करून बसतो. कोल्ह्याकुत्र्यापुढे ही युक्ती चालते. रोबोपुढे चालत नाही.

दुकानात गेलात की विक्रेत्याला यंत्र उलटं करून दाखवायला सांगा. पोटाखाली एक वाटोळी तबकडी असते आणि तिच्या कडेला स्क्रूवर सैल बसवलेली, बहुधा तीन, पाती असतात. दाढीच्या ब्लेडसारखी पातळ. तबकडी फिरू लागली की पाती बाहेर फेकली जातात. दगड लागला तर मागे दुमडतात. म्हणून तर हे यंत्र इतकं कमी आवाज करतं आणि इतकी कमी वीज खातं. गवताचं टोक ती छान छाटतात. पण त्याच उंचीवर इगेलचं नाक असतं आणि पाय असतात.

हा नुसता अंदाज नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधक सोफी लुंड रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये 18 रोबोंची चाचणी प्रसिद्ध केली. आधीच मेलेले इगेल त्यांनी यंत्रांच्या वाटेत ठेवून पाहिले. एकाही यंत्राला स्पर्श होण्याआधी प्राणी ओळखता आला नाही. काही यंत्रं नुसतं ढुसणं देऊन वळली, काहींनी गंभीर जखमा केल्या. सगळ्यात लहान पिल्लं तर एकाही यंत्राला कळली नाहीत. त्यानंतरच्या वर्षांत कॅमेऱ्याचे रोबो आले आहेत आणि त्यांतले काही प्राणी ओळखतात असं सांगितलं जातं. सुधारणा चांगलीच आहे. पण उंच गवतात अर्धवट लपलेलं बोटभर पिल्लू कॅमेऱ्याला दिसेलच, या भरवशावर रात्री पातं फिरवणं मला पटत नाही. 2024 मध्ये युरोपातला इगेल जागतिक निसर्ग संघटनेच्या लाल यादीत 'धोक्याच्या उंबरठ्यावर' या वर्गात गेला. त्याच वर्षी कोलोन शहराने रोबो रात्री चालवायला बंदी घातली आणि नंतर इतरही काही शहरांनी तसंच केलं. तुमच्या गावात असा नियम असो वा नसो, तो स्वतःला लावून घ्या.

आता याचा खरेदीशी संबंध. खोक्यावर '500 चौरस मीटरसाठी' असं छापलेलं असतं, तो आकडा बहुतेक वेळा यंत्राची कमाल मजल सांगतो. म्हणजे दिवसाचे पुष्कळ तास ते कापतंय, चार्ज व्हायला जातंय, परत कापतंय, असं धरलेलं असतं. तुम्ही ते फक्त सकाळी दहा ते दुपारी तीन चालवणार असाल तर तेवढं क्षेत्र होणार नाही. मग लोक वैतागून वेळ वाढवतात आणि यंत्र संध्याकाळच्या पुढे सरकतं. तीनशे मीटरच्या बागेला तीनशेचं यंत्र घेऊन हेच होतं. पाचशे-सहाशेचं घ्या, थोडे पैसे जास्त जातील, पण काम उजेडात उरकेल. कॅटलॉगमध्ये 'एका तासात किती' आणि 'एका चार्जवर किती वेळ' हे दोन आकडे शोधा. मोठ्या अक्षरातल्या आकड्यापेक्षा ते जास्त खरं बोलतात.

आणि बाग किती मोठी आहे हे घराच्या कागदावर बघू नका. प्लॉटमधून घर, फरसबंदी, शेड, भाजीचे वाफे, मुलांची वाळू हे सगळं वजा करून नुसतं गवत मोजा. ओळीतल्या घरांना पुष्कळदा ऐंशी-शंभर मीटरच उरतं. तेवढ्यासाठी रोबो घेऊ नका. खर्च बराच, वर भिंतीजवळचा पट्टा हाताने कापावा लागणारच. त्यापेक्षा हाताने ढकलायचं सिलिंडरचं यंत्र घ्या, ज्यात फिरणारी पाती कात्रीसारखी खालच्या पट्टीवर कापतात. 1830 मध्ये इंग्लंडमधल्या एडविन बडिंगने पेटंट घेतलेली हीच मूळ रचना. कापडगिरणीत कापडावरची लव छाटणारं यंत्र बघून त्याला ती सुचली होती. अर्ध्या तासाच्या आत तुमची बाग होते आणि शेजाऱ्याची झोपही मोडत नाही. हे जड वाटत असेल तर साधं बॅटरीचं यंत्र घ्या.

रोबोच घ्यायचा ठरला, तर त्याला हद्द कशी कळते यावर सगळी निवड आहे. बाकी मोबाइलचं ॲप, रंग, दिवे, पावसाचा सेन्सर हे दुय्यम.

जुनी पद्धत तारेची. बागेच्या कडेने तार खिळ्यांनी दाबून किंवा दोन-तीन सेंटिमीटर खोल पुरून वेटोळं पूर्ण करायचं; तारेतून जाणारा संकेत ओळखून यंत्र वळतं. हुस्कवर्ना या स्वीडिश कंपनीने 1995 मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या सौर रोबोपासून ही रीत चालत आली. लोक तिला मागासलेली म्हणतात, मला ते मान्य नाही. दोन घरांच्या मध्ये अडकलेली अरुंद बाग, वर अक्रोडाचं मोठं झाड, अशी जागा असेल तर तारच सगळ्यात भरवशाची. तिला आकाश लागत नाही. त्रास दोन. पहिला वीकएंड तार टाकण्यात जातो, आणि पुढे कधीतरी कुदळीने ती तुटते. तार टाकण्याआधी बागेचा नकाशा काढून ती कुठून गेली, सांधे कुठे आहेत, हे लिहून ठेवा. तीन वर्षांनी गुलाब लावताना तो कागद उपयोगी पडेल. तरी तुटलीच तर मध्यम लहरींचा जुना रेडिओ तारेच्या वरून हळूहळू नेला की आवाज जिथे बदलतो, तुटलेली जागा बहुधा तिथेच असते.

दुसरी पद्धत उपग्रहाची. बागेत किंवा छपरावर एक छोटा अँटेना बसतो, तो उपग्रहाच्या संकेतातली चूक दुरुस्त करून रोबोला कळवतो, आणि यंत्राला आपण कुठे आहोत हे काही सेंटिमीटरपर्यंत समजतं. तार नाही, नीट समांतर पट्ट्यांत कापतं, म्हणून वेळही कमी लागतो. दिवसाच चालवायचं असेल तर हा मोठा गुण आहे, कारण तारेची बरीच यंत्रं वाट फुटेल तशी फिरतात आणि तेच गवत पुन्हा पुन्हा तुडवतात. पण याला मोकळं आकाश हवं. घ्यायच्या आधी बागेच्या चारही कोपऱ्यांत उभं राहून वर बघा. दाट झाड किंवा उंच भिंत अर्धं आभाळ झाकत असेल तर त्या कोपऱ्यात यंत्र थबकेल. काही कंपन्या अँटेनाऐवजी मोबाइल नेटवर्कवरून दुरुस्ती देतात. तिथे वर्गणी किती वर्षं फुकट आहे आणि पुढे किती, हे लिहून घ्या.

कॅमेऱ्याचे रोबो गवत आणि बिगर-गवत ओळखून हद्द ठरवतात. नीट कापलेला हिरवळीचा चौकोन असेल आणि कडेला फरशी असेल तर उत्तम. शेजाऱ्याचं गवत तुमच्या गवताला लागून असेल, मध्ये कुंपण नसेल, तर गोंधळ होतो. शरद ऋतूत पानगळीने जमीन झाकली की तेव्हाही. आणि कॅमेऱ्यात शेजारी, त्यांची मुलं येतात. चित्र यंत्रातच राहतं की कुठे पाठवलं जातं, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. लेझरचे रोबो भिंती, झाडं, कुंपण मोजून नकाशा बनवतात. झाडाखाली त्यांना अडचण नाही, पण जवळपास काहीच उभं नसलेल्या विस्तीर्ण मोकळ्या जागेत त्यांना धरायला खूण मिळत नाही. नव्या यंत्रांत दोन-तीन पद्धती एकत्र येतात. तशी मिळाली आणि परवडली तर बिनधास्त घ्या.

उताराबद्दल फसगत फार होते. 35 टक्के उतार म्हणजे 35 अंश नव्हे, साधारण 19 अंश. मोजायला एक मीटर लांबीची सरळ फळी घ्या, एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर टेकवा, फळी पाणसळीने आडवी करा आणि दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. 35 सेंटिमीटर भरलं तर 35 टक्के. सगळ्यात जास्त चढाच्या जागी मोजा, आणि यंत्राची मर्यादा त्याहून थोडी वरची हवी, कारण ओल्या गवतावर चाकं घसरतात. बराच उतार असेल तर चारही चाकांना जोर असलेलं यंत्र लागेल.

वेळापत्रकाकडे परत येते, कारण चूक तिथेच होते. पहिल्या दिवशी ॲपने स्वतःहून लावलेली वेळ तशीच ठेवू नका, उघडून बघा. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, म्हणून कुणी आठपर्यंत वेळ लावतं. सप्टेंबरच्या शेवटी तेच आठ म्हणजे मिट्ट अंधार, आणि नेमकी तेव्हा इगेलची पिल्लं हिवाळ्याआधी खाऊन घ्यायला एकटी बाहेर पडलेली असतात. सकाळी दहा ते दुपारी दोन-तीन ही वेळ सगळ्या ऋतूंत चालते. मुलं तेव्हा शाळेत असतात, हाही फायदा. मुलं बागेत असताना रोबो चालू ठेवायचाच नाही. उचलल्यावर पातं थांबतं हे खरं, पण रांगणारं बाळ यंत्र उचलत नाही, त्याच्या बाजूने हात घालतं. उन्हाळ्यात आजी-आजोबा तीन महिन्यांसाठी आलेले असतात, दुपारी त्यांना गवतावर अनवाणी चालायला आवडतं; त्यांनाही यंत्र थांबवायचं लाल बटण कुठे आहे ते दाखवून ठेवा आणि त्यांच्या वेळेला यंत्राला सुट्टी द्या.

रोज कापावं लागतं हाही गैरसमज आहे. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरतं, कडक उन्हाळ्यात त्याहूनही कमी. उंची चार-पाच सेंटिमीटर ठेवा. बारीक तुकडे तिथेच पडू द्या, त्यातला नायट्रोजन जमिनीलाच परत मिळतो. झुडपांच्या कडेचा पट्टा न कापता सोडा. दिवसा इगेल तिथेच झोपतो. म्हणूनच दोरीच्या ट्रिमरने कडा साफ करण्याआधी काठीने गवत बाजूला सारून बघत जा. पाती महिना-दोन महिन्यांनी बदला, सोबतचे स्क्रूही, आणि ते करताना यंत्र बंद आणि हातात मोजे. हिवाळ्यात यंत्र, थंडीने पाणी गोठणार नाही अशा खोलीत, बॅटरी साधारण अर्धी भरून.

पुण्याकडच्या किंवा लोणावळ्याच्या बंगल्यासाठी एक रोबो इथून न्यावा, असंही काही जण विचारतात. नेऊ नका. वॉरंटी बहुधा तिथे चालत नाही, सुटी पाती आणि चाकं मागवत बसावं लागतं, आणि पावसाळ्यात चिखलात ते रुतेल. तिथे गवत कापणाऱ्या माळ्याला तेच पैसे द्या, त्याला बागेतलं बाकीही पुष्कळ कळतं.

आणि तुमच्या बागेत कधी दिवसाढवळ्या इगेल उघड्यावर पडलेला दिसला, तर तो बहुधा आजारी किंवा जखमी असतो. मोजे घालून उचला, उंच कडांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना टॉवेल घालून ठेवा, अंग गार लागलं तर टॉवेलमध्ये गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा. प्यायला पाणी चालेल, दूध अजिबात नाही, ते त्याला पचत नाही. मग लगेच जवळच्या इगेल केंद्राला किंवा पशुवैद्यांना फोन करा. रविवार असला तरी सोमवारची वाट बघू नका, कारण उन्हाळ्यात काही तासांतच माश्या जखमेत अंडी घालतात.