आजीचा खुबा मोडला की घरात पाच दिवस नुसती चर्चा का चालते?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर शेवटपर्यंत वाचा. आज कामाचं वाटलं नाही तरी सेव्ह करून ठेवा.

म्हातारं माणूस पडतं कसं, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. रात्री लघवीला उठले, मोरीत पाय घसरला. उंबऱ्याला ठेचकाळले. पडल्यावर उठता येत नाही, पाय बाहेरच्या बाजूला वळलेला आणि थोडा आखूड दिसतो, हलवला की जीव जातो. एक्सरे निघतो आणि डॉक्टर सांगतात, खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन लागेल.

इथून पुढं जे होतं त्याबद्दल मला बोलायचंय. "या वयात ऑपरेशन कशाला?" "भूल सोसणार नाही." "पुण्याचा मुलगा येऊ दे, मग ठरवू." "आधी हाडवैद्याला दाखवू." "आठ दिवस वजन बांधून बघू." सगळे काळजीपोटीच बोलत असतात. पण या काळजीत तीन-चार दिवस निघून जातात, आणि आजी त्या तीन-चार दिवसांत खाटेवर पडल्या पडल्या खचते.

एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. खुबा मोडल्यावर माणूस जातो तो बहुतेक वेळा मोडलेल्या हाडाने जात नाही, अंथरुणामुळे जातो. सतत उताणं पडल्यावर छातीत कफ साठतो, त्याचा न्यूमोनिया होतो. पाठीला, टाचेला जखमा होतात. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात गेली तर क्षणात खेळ संपतो. लघवीचं इन्फेक्शन होतं. जेवण सुटतं, अंगातलं मांस उतरतं. काल सगळ्यांना नावानं ओळखणारा माणूस आज भ्रमिष्टासारखा बडबडायला लागतो. जगभरातले अभ्यास बघितले तर खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक तरी वर्षाच्या आत जातो, काही ठिकाणी त्याहून जास्त.

म्हणून या ऑपरेशनकडे "हाड जोडणं" म्हणून बघू नका. आजीला खाटेवरून उठवून पायावर उभं करायचं, हा त्याचा हेतू आहे. हाड चेंडूच्या खाली मानेत मोडलं असेल तर चेंडूचा रक्तपुरवठा तुटतो, या वयात ते जुळण्याची शक्यता कमी, म्हणून चेंडूच बदलतात. त्याच्या खाली मोडलं असेल तर रॉड किंवा प्लेट-स्क्रू घालतात. दोन्हीत प्रयत्न एकच असतो: शक्यतो दुसऱ्या दिवशी पेशंटला बसवायचं, उभं करायचं.

आता वेळेचं बघू. लवकर म्हणजे किती लवकर? यावर १७ देशांतल्या ६९ रुग्णालयांत एक मोठी चाचणी झाली, हिप अटॅक नावाची. आपल्या देशातली रुग्णालयंही त्यात होती. २,९७० रुग्ण होते, निष्कर्ष २०२० मध्ये आले. एका गटाचं ऑपरेशन निदानानंतर साधारण ६ तासांत झालं, दुसऱ्या गटाचं नेहमीच्या पद्धतीनं, म्हणजे साधारण २४ तासांत. ९० दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण ९ आणि १० टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. पण घाईनं ऑपरेशन झालेल्यांत भ्रमाचा त्रास कमी दिसला, लघवीचं इन्फेक्शन कमी दिसलं आणि ते लवकर उठून घरी गेले.

हे ऐकून कुणी म्हणेल, "बघा, उशीर झाला तरी काही बिघडत नाही." थांबा. त्या चाचणीतला "उशीर" म्हणजे २४ तास. आपल्याकडचा उशीर चार दिवस, आठ दिवस. तिथल्या मंद गटाइतकं जरी आपल्याला जमलं तरी मी पेढे वाटेन.

ब्रिटनमध्ये नियम आहे की ऑपरेशन दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं. पण नुसता नियम करून ते थांबले नाहीत. २००७ साली त्यांनी खुब्याच्या रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. कोण किती वाजता दाखल झाला, ऑपरेशन किती वाजता झालं, वृद्धांच्या डॉक्टरांनी तपासलं का, पुढं काय झालं, सगळं लिहायचं आणि रुग्णालयानुसार जाहीर करायचं. २०१० पासून ३६ तासांत ऑपरेशन आणि इतर निकष पाळणाऱ्या रुग्णालयाला जादा पैसे मिळू लागले. २००७ साली ३० दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण १०.९ टक्के होतं, २०११ पर्यंत ते ८.५ टक्क्यांवर आलं. यात नवं मशीन नाही, नवं औषध नाही. घड्याळ बघितलं आणि लिहून ठेवलं.

"ब्रिटन कुठं आणि आपण कुठं?" बरोबर आहे. आपल्याकडं एकच थिएटर, भूलतज्ज्ञ कमी, आणि रोज मोटारसायकलवरून पडलेली तरुण पोरं दाखल होतात. त्यांना आधी घेतलं जातं, आजी पुढं ढकलली जाते. डॉक्टरांवर राग काढून उपयोग नाही, ते आहे त्यात ओढत असतात. पण वहीत वेळ लिहायला परदेशी पैसा लागत नाही. किती उशीर होतो हेच माहीत नसेल तर तो कमी करा असं कुणाला सांगणार?

भुलेची भीती सगळ्यात मोठी. "पूर्ण भूल नको, कमरेतूनच द्या" हा आग्रह तर प्रत्येक घरात. अमेरिका-कॅनडात १,६०० रुग्णांवर यासाठी खास चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आला. ६० दिवसांनी दगावलेले किंवा काठी-वॉकर घेऊनही चालू न शकणारे असे रुग्ण मोजले: कमरेतल्या भुलेत १८.५ टक्के, पूर्ण भुलेत १८ टक्के. म्हणजे फरक नाही. कोणती भूल, ते भूलतज्ज्ञाला ठरवू द्या. त्यावर दोन दिवस वाद घालू नका.

वजन बांधण्याचंही तसंच. ऑपरेशनआधी पायाला वजन लावल्यानं दुखणं कमी होतं, असा समज आहे. आजवरच्या चाचण्या एकत्र करून बघितल्या तर त्याचा फायदा दिसलेला नाही. दुखणं कमी करायचं तर मांडीच्या नसेजवळ इंजेक्शन देऊन भाग बधिर करता येतो. ते मागा.

उशिराची अजून दोन कारणं नेहमी ऐकू येतात. "रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, आठवडाभर थांबा" आणि "टू-डी इको झाल्याशिवाय हात लावणार नाही". रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे प्रकार वेगवेगळे. काहींना थोडं थांबावं लागतं. पण ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल एवढंच असेल तर त्यासाठी ऑपरेशन लांबवू नये, असं ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. इकोसाठी ऑपरेशन ताटकळत ठेवू नये, असंही सांगतात. गोळी स्वतःच्या मनानं बंद किंवा चालू करू नका. पण "डॉक्टर, नेमकं कशासाठी थांबलोय आणि किती तास?" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नम्रपणे विचारा, पण विचारा.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर ही पोस्ट अर्धवट राहील.

सगळ्यांचंच ऑपरेशन करा, असं मी म्हणत नाही. काही माणसं पडण्याआधीच थकलेली असतात. अंथरुणाला खिळलेली, स्मृती गेलेली, मोठ्या आजाराच्या शेवटच्या टप्प्यावरची. नेदरलँड्समध्ये अशाच १७२ अति दुर्बल वृद्धांचा अभ्यास झाला, २०२२ मध्ये छापून आला. घरच्यांशी नीट बोलून ८८ जणांनी ऑपरेशन नको असं ठरवलं, ८४ जणांनी हवं असं. ऑपरेशन न केलेल्यांपैकी ८३ टक्के ३० दिवसांत गेले, ऑपरेशन केलेल्यांपैकी २५ टक्के. पण राहिलेल्या दिवसांची जी अवस्था मोजली, ती ऑपरेशन न केलेल्यांत वाईट नव्हती. कारण त्यांचं दुखणं नीट सांभाळलं गेलं आणि काय होणार ते घरच्यांना आधीच सांगितलेलं होतं.

यातला मुद्दा नीट ओळखा. तिथं "नको" हा निर्णय होता. विचार करून, डॉक्टरांसोबत बसून, पुढचं माहीत असताना, वेदनाशामक उपचारांसह घेतलेला निर्णय. आपल्याकडं बहुतेक वेळा निर्णयच होत नाही. "बघू" म्हणत म्हणत दिवस जातात, मग पाठीला जखमा झालेल्या, छाती भरलेली, आणि शेवटी डॉक्टर म्हणतात, आता अंग ऑपरेशनच्या लायकीचं राहिलं नाही. तो "नको" आजीचा नसतो, घरच्यांचाही नसतो. तो उशिरानं घेतलेला असतो. आणि हो, आजी शुद्धीवर असेल तर तिलाही विचारा. खोलीबाहेर कुजबुजत ठरवू नका. पाय तिचा आहे.

ऑपरेशन झालं म्हणजे काम संपलं, हाही एक गैरसमज. खुबा नुसत्या पडण्यानं मोडत नाही, हाड ठिसूळ झालेलं असतं म्हणून मोडतो. म्हणजे दुसरा खुबा, मनगट, मणका रांगेत उभे आहेत. २००७ साली २,१२७ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन द्यायचं, पुढं वर्षातून एकदा. ज्यांना दिलं त्यांच्यात नवीन फ्रॅक्चर ८.६ टक्के, ज्यांना दिलं नाही त्यांच्यात १३.९ टक्के. मृत्यूसुद्धा कमी: ९.६ विरुद्ध १३.३ टक्के. हे औषध आपल्याकडं जेनेरिकमध्ये मिळतं. आधी किडनी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व तपासावं लागतं, ते डॉक्टर बघतील. पण तुमच्या ओळखीत जेवढे खुब्याचे पेशंट झाले, त्यांतल्या किती जणांच्या डिस्चार्ज कार्डवर ठिसूळ हाडांचं औषध लिहिलं होतं? विचारून बघा. बहुतेक घरांत टाके काढायची तारीख आणि कॅल्शियमची गोळी, एवढंच निघेल.

भ्रमाचंही तेच. बोस्टनमध्ये १२६ रुग्णांवर अभ्यास झाला होता, २००१ साली. वृद्धांच्या डॉक्टरांनी रोज येऊन पाणी, ऑक्सिजन, दुखणं, शौच-लघवी, नको असलेल्या गोळ्या यांवर लक्ष ठेवलं, तर भ्रम झालेल्यांचं प्रमाण ५० टक्क्यांवरून ३२ वर आलं. यातलं थोडं काम घरचेही करू शकतात. आजीचा चष्मा, कानाचं मशीन, कवळी दवाखान्यात घेऊन या. ओळखीचं माणूस जवळ बसवा. दिवसा खिडकी उघडा, रात्री झोपू द्या. बडबडली तर "म्हातारपणी असंच" म्हणून सोडू नका, लगेच सिस्टरला सांगा.

आता मागण्या. जत, आटपाडीच्या बाजूचा पेशंट मिरज-सांगली गाठेपर्यंत आधीच निम्मा दिवस गेलेला असतो. म्हणून पुढचा वेळ वाचवण्यासाठी:

एक, सरकारी आणि योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयानं साठीवरच्या खुब्याच्या रुग्णाची दाखल झाल्याची आणि ऑपरेशनची वेळ नोंदवावी, आणि दर तीन महिन्यांनी सरासरी दर्शनी फलकावर लावावी.

दोन, जनआरोग्य योजनेत तातडीच्या केसला फोनवर कळवून उपचार सुरू करायची सोय आहे. ती खुब्याच्या वृद्ध रुग्णांना सरसकट लागू करा. कागदासाठी आजी ताटकळू नये.

तीन, ऑर्थोच्या वॉर्डात फिजिशियनचा रोजचा राउंड ठरवून द्या.

चार, डिस्चार्ज कार्डवर "ठिसूळ हाडांचा उपचार" असा रकाना छापा. भरायचा की "गरज नाही" लिहायचं ते डॉक्टर ठरवतील, पण रकाना रिकामा राहायला नको.

पैशाबद्दल थोडं. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा आजच काढून ठेवा. जवळच्या कोणत्या रुग्णालयात हे ऑपरेशन योजनेत बसतं, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारून नंबर भिंतीवर लिहा.

आणि आजच संध्याकाळी करण्यासारखं: मोरीत दांडी ठोका, खाटेपासून संडासापर्यंत रात्रभर एक बल्ब चालू ठेवा, झिजलेल्या चपला फेकून द्या, मोतीबिंदू लांबवला असेल तर तारीख घ्या, झोपेची गोळी चालू असेल तर ती खरंच लागते का ते डॉक्टरांना विचारा.

तुमच्या घरात असं घडलं असेल तर दाखल झाल्यापासून ऑपरेशनपर्यंत किती दिवस गेले आणि कशामुळं, एवढंच कमेंटमध्ये लिहा. डॉक्टरांची, दवाखान्याची नावं नकोत. वही सरकारनं सुरू करेपर्यंत आपण इथंच सुरू करू.