भिंतीवर ओरिजिनल चित्र लावायचंय? जीएसटी कमी झाला, पण पैसे देण्याआधी हे तपासा

२२ सप्टेंबर २०२५ पासून हाताने काढलेल्या चित्रांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. पाचच दिवसांनी, नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र लिलावात ६७.०८ कोटी रुपयांना गेलं. अशा बातम्या वाचल्या की ओरिजिनल चित्र हे श्रीमंतांचंच काम, असं वाटतं. मग घरात येतं ते ऑनलाइन मागवलेलं सात घोड्यांचं प्रिंट.

पण छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात चित्र शिकलेल्यांची कमी नाही. मुंबई-नागपूरप्रमाणे इथेही सरकारी कला महाविद्यालय आहे. मग कर कमी झाल्याचा फायदा नक्की कुणाला?

किती रुपये वाचतात?

२० हजारांचं चित्र गॅलरीतून घेतलं, तर आधी करासह २२,४०० रुपये पडायचे. आता २१,००० पडतात. म्हणजे १,४०० रुपये वाचले.

थेट चित्रकाराकडून घेतलं तर गणित वेगळं. राज्यातच वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर सहसा जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. नोंदणी नसलेला चित्रकार कर लावू शकत नाही, त्यामुळे तिथे आधीही कर नव्हता. म्हणजे खरा फरक पडतो तो गॅलरीतल्या खरेदीत.

ओरिजिनल कशाला म्हणायचं?

कलाकाराने स्वतः हाताने काढलेलं चित्र ओरिजिनल. त्याने स्वतः कोरलेल्या प्लेटवरून थेट काढलेले ठसेही, म्हणजे एचिंग किंवा लिथोग्राफ, कराच्या नियमात ओरिजिनल धरले जातात. फोटो काढून मशीनवर छापलेला कॅनव्हास मात्र त्यात बसत नाही.

फसगत इथेच होते. छापील कॅनव्हासवर पारदर्शक जेल फिरवून ब्रशचे फटकारे उठवले जातात. त्यामुळे भिंगातून पाहा, छपाईचे बारीक ठिपके दिसतात का. बाजूने टॉर्च मारा, रंगाचा थर आणि फटकारे जुळतात का बघा. बिलावर चित्रकाराचं नाव, वर्ष, माध्यम आणि आकार लिहून घ्या.

विकत घेतलं, म्हणजे हक्कही मिळाले?

नाही. तयार चित्र घेतलं तर वस्तू तुमची, कॉपीराइट सहसा चित्रकाराचाच. ते टी-शर्टवर छापून विकता येत नाही. मात्र पैसे देऊन खास काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो.

लावायचं कुठे?

याचा धडा शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर अजिंठ्यात आहे. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी चित्रं टिकावीत म्हणून शेलॅकचा लेप दिला. पुढे तोच लेप काळवंडला आणि काढण्यासाठी वेगळी खटपट करावी लागली. म्हणून घरच्या चित्रावर स्वतःच्या मनाने वॉर्निश मारू नका.

बाकी काळजी सोपी आहे:

- ऊन थेट पडणारी भिंत टाळा, विशेषतः पश्चिमेच्या खिडकीसमोरची.
- बाथरूमला लागून असलेल्या किंवा पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नका.
- उन्हाळ्यात कूलरचा दमट झोत चित्रावर येऊ देऊ नका.
- कागदावरच्या जलरंगाला काच हवीच, पण मधे माउंट घालून. काच रंगाला चिकटता कामा नये.
- चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर ठेवा. आपल्याकडे चित्रं फार उंच टांगली जातात.

मग करायचं काय?

बजेट पाच हजार असेल तर मोठ्या प्रिंटऐवजी छोटं जलरंग किंवा रेखाचित्र बघा. कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं त्यासाठी चांगली जागा. करातल्या सवलतीने हजार-दोन हजार वाचतील. पण गावातल्या चित्रकाराचं काम चालू राहायचं असेल, तर प्रिंटवर जाणारे पैसे त्याच्याकडे वळायला हवेत.