नाताळचा खाऊ, चुलीविना



डिसेंबर म्हणजे गोडादऱ्यात पोंकचा आणि घरोघरी भरिताचा हंगाम. याच महिन्यात आमच्या शाळेत मुले गॅस न पेटवता चॉकलेटचे लाडू करतात. त्यावरून काही पालकांनी दोन प्रश्न विचारले. नाताळ आपला सण आहे का? आणि लाडू वळायला मुलांना शाळेत पाठवायचे का? प्रश्न रास्त आहेत, म्हणून उत्तर देतो.

नाताळ हा शब्दच पोर्तुगीजांकडून मराठीत आला आणि आपला झाला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अस्सल मराठी भजनांत गायली. अनेक मराठी ख्रिस्ती घरांत या सणाला करंज्या आणि शंकरपाळेच होतात. सुरतेत इंग्रजांची वखार १६१३ सालची, कतारगाम रस्त्यावर त्यांच्या जुन्या कबरी आजही उभ्या आहेत. तेव्हा हा सण ना मराठीला परका, ना या गावाला. शेजाऱ्याच्या सणाचा गोड घास खाल्ल्याने आपला देव रागावत नाही, असे आम्हाला वाटते.

शिवाय आदला दिवस, २४ डिसेंबर, हा साने गुरुजींचा जन्मदिन. आपल्यापैकी अनेकांचे गाव ज्या खानदेशात, तिथल्या अमळनेरला गुरुजी शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांची खोली झाडणे, कपडे धुणे ही कामे ते स्वतः करीत. म्हणून आम्ही लाडू २४ तारखेलाच करतो, आणि नियम एकच ठेवतो : बिस्किटे कुटायची आणि भांडी घासायची मुलांनी, हिशेब लिहायचा मुलींनी. आपल्या वस्तीत कितीतरी आया दिवसभर साड्यांना टिकल्या-लेस लावून मग स्वयंपाकाला लागतात. त्यांच्या मुलाला परात धरता आली तर काय बिघडले?

कृती सोपी आहे. २०० ग्रॅम मारी बिस्किटांचा लाटण्याने बारीक चुरा करावा. त्यात तीन मोठे चमचे कोको पावडर आणि ४०० ग्रॅमच्या डब्यातले निम्मे कंडेन्स्ड मिल्क घालून मळावे. गोळा कोरडा वाटला तर चमचाभर दूध घालावे. छोटे लाडू वळून सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवावेत. वीस-बावीस होतात. त्याच दिवशी संपवावेत.

यात विज्ञानही आहे. कोकोची चरबी साधारण ३४ अंशाला वितळते आणि आपले शरीर ३७ अंशाचे, म्हणून चॉकलेट जिभेवर विरघळते. घरी वडी वितळवताना पाण्याचा थेंब पडला की ती घट्ट, रवाळ का होते? साखर आणि कोकोचे कोरडे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. हा धडा फळ्यावर शिकवला तर विसरतो, हाताने केला तर राहतो.

एक चूक आमचीही कबूल करतो. पहिल्या वर्षी आम्ही प्रत्येकाला चॉकलेटची वडी आणायला सांगितली. त्या दिवशी काही मुले आलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी कारण विचारले तर कोणी पोट दुखत होते म्हणाले, कोणी खाली पाहिले. खरे कारण आम्हाला उशिरा समजले. सण साजरा करायला निघालो आणि ज्यांच्यासाठी करायचा त्यांनाच दाराबाहेर ठेवले. तेव्हापासून सामान शाळा आणते. घरून आणायचा तो फक्त एक स्वच्छ रुमाल.

पालकांना विनंती एवढीच. २४ तारखेला मूल दोन लाडू घरी आणील. एक तुमचा. दुसरा शेजारच्या घरात त्यालाच द्यायला पाठवा, मग ते घर कोणाचेही असो.

– मुख्याध्यापक